खिळ्यावरची सांडशी

“बाप्पा! हे सांडशी तं धरते कमी अन् सोडते जास्त. आत्ता गंज सुटला असता माह्या पायावर!”

ही कुरकुर वैजयंतीची. ती या घरची सून. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवताना ती मला रोज असंच काहीबाही बोलते. मी तिच्या मुठीतच असते, त्यामुळे एकही शब्द माझ्या कानावरून निसटत नाही. पण मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. जिला कामाला लावतात तिलाच बोल लावतात. मध्ये कितीतरी वर्षं अशी गेली की मला बोल लावायलाही कोणी हात लावत नव्हतं.

मी एक जुनी सांडशी आहे, मित्रांनो. दोन लांब पाय, मध्ये एक खिळा आणि पुढे चोचीसारखं तोंड, एवढाच माझा संसार. पायांना चिंधी गुंडाळून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली आहे. हा दागिना मला म्हातारपणी मिळाला. तो कसा मिळाला, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजाराच्या कडेला झाला. रस्त्याकाठी बैलगाडी सोडून बसलेल्या एका लोहाराची ती भट्टी होती. त्याची बायको घण मारायची आणि तो मला उलटीपालटी करायचा. मोटारीच्या मोडक्या पाट्यातून मला काढलं म्हणतात. म्हणजे आधीच्या जन्मी मी बराच प्रवास केलेला असणार. लाललाल झालेली मी पाण्यात बुडाले तेव्हा जी काही चुरचुरले, ते अजून अंगात आहे.

एका बाईने मला उचललं, उघडून मिटून पाहिलं, गवताची काडी माझ्या चोचीत धरून ओढून पाहिली. काडी तुटली पण सुटली नाही.

“पोरीले आंदणात देतो,” ती लोहाराला म्हणाली. “सासरी तिचा हात पोळायले नको.”

ती पोरगी म्हणजे पंचफुला. पाण्याचा पितळी गुंड, परात आणि पाच वाट्यांच्या खाली सगळ्यात तळाला ठेवून मला तिच्यासोबत या घरी पाठवलं. लग्नघरात गुंडाचं कौतुक झालं, परातीचं झालं. माझ्याकडे कोण पाहतो? पण सकाळी चूल पेटली तशी गुंड आणि परात कोपऱ्यात बसली आणि मी पंचफुलाच्या हातात होते.

तिची एक लकब होती. भांडं उचलायच्या आधी माझी चोच त्याच्या काठावर दोनदा वाजवायची. टक-टक. जणू भांड्याला सांगायची, चल, उतर आता. त्या आवाजावर घर चालायचं. टक-टक झालं की तिचा नवरा नानाजी पाय धुऊन चहाला येऊन बसायचा. टक-टक झालं की लेक गणेश दूध सांडायच्या आत पळत यायचा, कारण साय खरवडायचा मान त्याचा. मी वरणाचे गंज उतरवले, तव्यावरून निखाऱ्यावर भाकरी टाकल्या, सुपारी फोडली, गुळाची ढेप फोडली, कपाटाचं अडकलेलं कुलूपही उघडलं. घाईत कोणी मला हाक मारायचं तर अख्खं घर शोधायला लागायचं. “सांडशी कोणं नेली वं?” हे वाक्य ऐकलं की माझी मान ताठ व्हायची.

एक काम मात्र मला आवडलं नाही. तेही सांगते.

गावाबाहेर, शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी एका झोपडीत सुंदरबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या हाताची बोटं झिजलेली होती. तिला कोणी अंगणातही घेत नसे. सणावाराला पंचफुलाची सासू तिच्यासाठी ताट वाढून द्यायची आणि नव्या सुनेला बजावायची, “सांडशीनं सरकव वं. हात लावू नोको.”

मग पंचफुला लांब उभी राहून ताटाची कड माझ्या चोचीत धरायची आणि पुढे सरकवायची. ताट गरम नव्हतं. एकदा सुंदरबाई हसून म्हणाली, “काहून वं पोरी, मी का चुलीवरचा गंज हाय?”

पंचफुला खाली मान घालून परत आली. पुढच्या सणाला तिने मला पदराखाली लपवलं आणि ताट आपल्या हाताने तिच्या हातात दिलं. सासूला ते कधी कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी पंचफुला मला फार आवडली.

पुढे सुंदरबाई गेली, झोपडीही पावसात बसली. तिच्या आजाराचं नाव गावात कोणी घेत नसे. ‘तो रोग’ एवढंच म्हणायचे, तेही इकडेतिकडे पाहून. गावच घेत नाही, तर मीही आत्ता घेत नाही.

वर्षं गेली. चुलीशेजारी गॅस आला, गणेश मोठा झाला, वैजयंती सून होऊन आली. आणि एका सकाळी गंमत झाली. मला ती तेव्हा गंमतच वाटली. दूध उतू चाललं होतं. मी ओट्यावरच होते. पंचफुलाने माझ्याकडे पाहिलंही नाही. उजव्या हाताने गंजाची कड धरली आणि उतरवून ठेवला.

वैजयंती किंचाळली, “आत्याबाई, पोळलं नाही?”

पंचफुलाने हात उलटासुलटा करून पाहिला. तिलाही नवल वाटलं असावं. मग हसली. “आमचे हात जुने हायेत बाई. तुमच्यासारखे मेणाचे नाही.”

त्यानंतर मी भिंतीवरच्या खिळ्यावर गेले. आधी दिवसाआड उतरायचे, मग आठवड्याला, मग गॅसची टाकी बदलतानाच. वैजयंतीने बाजारातून एक नवी चकचकीत पकड आणली, ती माझ्या नाकासमोर नाचायची. माझ्या सांध्याच्या खिळ्याला गंज चढला. मी रुसले. मला वाटलं, पंचफुलाला आता माझी गरज उरली नाही, म्हातारपणी आपलं असंच व्हायचं.

आमच्या गावी चैत्रात शेतातल्या मारोतीपुढे रोडगे करतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. सारं गाव लिंबाच्या सावलीत पंगतीला बसतं. रोडगे काठीने उकरून काढतात, कारण आर वरून राखाडी दिसला तरी पोटात लाल असतो. मी खिळ्यावरच होते, पण घरी ऐकलं ते असं: त्या वर्षी काठी सापडेना आणि देवाचा पहिला रोडगा करपायला लागला. पंचफुलाने पदर खोचला आणि सरळ आरात हात घातला. रोडगा काढून पत्रावळीवर ठेवला, वर राखही फुंकली.

 मग नानाजीचा जुना दोस्त रामधन ओरडला, “अरे, वैनीच्या हातात मारोती हाय! बोला, बजरंगबली की जय!”

झालं. तेव्हापासून ती रीतच पडली. दर चैत्रात देवाचा पहिला रोडगा पंचफुलाने उघड्या हाताने काढायचा. मंगरूळपीरकडचे पाहुणेसुद्धा ते पाहायला यायचे. लेकुरवाळ्या बाया तिचा हात आपल्या पोरांच्या डोक्यावर फिरवून घ्यायच्या. नानाजी तर असा बसायचा, जणू तो आर त्यानेच गिळला आहे. पंचफुलाला जन्मभर कोणी एवढं मानलं नव्हतं. रांधा, वाढा, उष्टी काढा यात कौतुक कुठून येणार? तिच्या चेहऱ्यावर उजेड आला होता, आणि मी खिळ्यावरून तो पाहत होते.

पण मित्रांनो, खिळ्यावरून आणखीही काही दिसतं. सगळे रोडगा पाहायचे, मी हात पाहायचे. घरी आल्यावर तिच्या करंगळीला टपोरे फोड असायचे. वैजयंती खोबरेल लावायची आणि पंचफुला भलत्याच गप्पा मारत बसायची, जणू हात शेजारणीचा आहे. करंगळी हळूहळू आत वळायला लागली. तांदळातला खडा बोटांत सापडेना. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, त्यावर घाम येत नव्हता. नानाजीने कारंज्याहून गजकर्णाचं मलम आणलं. तो म्हणाला गजकर्ण, गणेश म्हणाला उष्णता, वैजयंती म्हणाली वात असंल. तिघेही बोलताना एकमेकांकडे पाहत नव्हते.  पंचफुलाने ब्लाऊजच्या बाह्या लांब शिवून घेतल्या. पांदीच्या वाटेने शेतात जाणंही तिने सोडलं, फेऱ्याची वाट धरली.

मग एक दिवस उज्ज्वला आली. ती गावची आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम पाहणारी, घरोघर फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासत होती.

“काकू, डोळे झाका. मी पेन टेकवतो. कुठं लागलं ते बोटानं दाखवा.”

पंचफुलाने डोळे झाकले, म्हणजे पापण्या अर्ध्या ओढल्या. खालच्या फटीतून पाहून ती बरोबर जागा दाखवत गेली. उज्ज्वला हसली. “काकू, चोरून पाह्यता का? तुमी शाळेत गेल्या असत्या तं कॉपी करून पास झाल्या असत्या.”

“ब्वा, मी कायले पाहू? घे, चहा घेऊन जा आता.”

पंचफुला उठली, उकळता गंज उघड्या हाताने उतरवला आणि कप भरला. उज्ज्वलाचं हसू तिथेच थांबलं. तिने हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, माझ्याकडे. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं.

“काकू, सांडशी कायले टांगून ठेवली?”

“मले नाही लागत आता ते.”

“कधीपासून नाही लागत?”

पंचफुला पदराने ओटा पुसायला लागली. उज्ज्वलाने कप खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. “उद्या माह्यासंगं वाशिमले चला. हाताची नस तपासून घेऊ.”

तीही ‘नस’ म्हणाली. पुढचं बोलली नाही.

वाशिमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कोपराजवळ बोटांनी चाचपून पाहिलं. तिथली नस दोरीसारखी जाड झालेली होती. हाताला चटका कळवायचं काम तिचंच, आणि तीच आजारली होती. वरदान वगैरे काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं. हा आजार गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, हेही सांगितलं. पंचफुलाने एकच विचारलं, “एका बाईले ताट हातानं देलं होतं, लय वर्षांमागं. त्यानं झालं का?” बाई म्हणाल्या, “ताट हातात दिल्यानं हा आजार होत नाही. ते तुम्ही चांगलंच केलं होतं.” पंचफुला तिथे रडली म्हणे. हे सगळं वैजयंतीने मला नाही, गणेशला सांगितलं. पण सांगितलं माझ्याच खाली बसून.

आजाराचं नाव मात्र वाशिमच्या बसस्टँडवरच राहिलं. घरी आली ती नुसती नस. “नस दबली तिची,” नानाजी गावभर सांगत सुटला. त्याचंही चूक म्हणवत नाही. त्यानेही लहानपणापासून पांदीवरची ती झोपडी पाहिली होती.

पुढच्या खेपेला माझं नशीब उघडलं. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, रोज हातात धरता त्या वस्तू घेऊन या. वैजयंतीने पिशवीत विळा, झारा आणि मला टाकलं. खिळ्यावरून उतरून मी थेट एसटीत बसले!

तिथे शिकाऊ पोरापोरींचा घोळका होता. ताईंनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं. “बघा, हाताला कळत नसेल तर बोटांची पहिली राखण ही. पण हिची मूठ बारीक आहे, रुतते, आणि रुतलेलं यांना कळणार नाही.” मग त्यांनी माझ्या पायांना चिंधी गुंडाळून वर ट्यूबची पट्टी चढवली. एकेक पोरगी मला हातात घेऊन पाहत होती. एवढा मान मला आंदणातही मिळाला नव्हता.

बाजूच्या बाकावर एक संशोधन करणारी बाई बसली होती. ती येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, “सगळ्यात आधी काय कळेनासं झालं?” तांड्यावरचा एक माणूस, सोमला, ऊसतोडीला जाणारा, म्हणाला, “चप्पल पायातून गळून जाय, मले ध्यानातच नाही ये. लोक मागून हाका मारत.” एक म्हातारी म्हणाली, “नातवाचं अंग तापलं का नाही, ते हात लावून समजत नव्हतं.” पंचफुलाची पाळी आली. तिने माझ्यावर बोट ठेवलं. “हे,” ती म्हणाली. “हे लागेनाशी झाली.”

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं. ती मला विसरली नव्हती. तिचा हातच तिला विसरत चालला होता. म्हणून सांगते, तुमच्या घरात कोणाला चटका बसेनासा झाला, काटा रुतून कळेनासा झाला, तर टाळ्या वाजवू नका. हात हातात घ्या आणि विचारा, कधीपासून?

मग मोठ्या चिकाटीचे महिने गेले. गोळ्यांनी तिचा रंग काळवंडला, बाया पाणवठ्यावर कुजबुजल्या. वैजयंती रोज तिचा हात पाण्यात भिजवून तेल लावायची, करंगळी सरळ करून घ्यायची आणि मला बोल लावत लावत तिच्या मुठीत द्यायची. तळहाताला थोडं थोडं कळायला लागलं. करंगळी मात्र मुकीच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला, पण आता भाजून घेतलं नाही तर बोटं टिकतील. एकदा जरी खोल भाजलं तरी बोट जाईल.

आणि चैत्र आला.

रोडग्याच्या सकाळी नानाजी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. “गणेशच्या माय, एकच रोडगा काढ. पटकन हात घालायचा अन् काढायचा. नाही काढला तं लोकं विचारतीन, काहून? मंग काय सांगू?”

वैजयंतीने कणकेचे हात तसेच ठेवून मान वर केली. ती सासऱ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. “मामाजी, बोट गेलं तं? ते कोठून आणसान?”

“अन् घरच वाळीत पडलं तं?” नानाजीचा आवाज फुटला. “मले का तिचं बोट जड झालं का?”

पंचफुला दोघांच्या मध्ये बसून वांगी चिरत होती.  निघताना तिने भिंतीकडे हात केला, मला काढलं आणि कमरेला खोचलं. वर पदर ओढून घेतला. मला एकदम ती जुनी पांद आठवली. तेव्हाही मी अशीच पदराखाली होते.

लिंबाखाली सारं गाव जमलं होतं. आर राखाडी पडला, वास सुटला. रामधनने हाळी दिली, “चला वैनी! मारोती भुकेला हाय.”

पोरं पुढे सरकली. नानाजी आराच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, त्याने बायकोकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पंचफुला आरासमोर बसली. तिने पदर बाजूला केला, मला काढलं. आरातल्या दगडावर माझी चोच दोनदा वाजवली. टक-टक. किती वर्षांनी! मग माझ्याच चोचीत धरून देवाचा पहिला रोडगा काढला आणि पत्रावळीवर ठेवला.

कोणी जय म्हटलं नाही.

“काहून वैनी?” रामधन हसत म्हणाला. “मारोती रुसला का?”

“हात उतरला वाट्टे पंचफुलाचा,” मागून एक बाई म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

“नस दबली तिची,” नानाजी घाईघाईने म्हणाला. “नस…”

पंचफुला उठली. तिने मला डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताची लांब बाही कोपराच्या वर सरकवली. चट्टा उन्हात आला.  

“नस नाही दबली, रामधनभाऊ. अन् मारोतीचं वरदानही नव्हतं ते. माह्या हाताले चटकाच समजत नव्हता, म्हणून मी आरात हात घालत होतो. पांदीवरच्या सुंदरबाईले जो झाला होता, तोच मले झाला. कुष्ठरोग. औषध घेऊन राह्यली, बरी होऊन राह्यली. आता ज्याले माह्या हातचा रोडगा खायचा हाय, त्यानं पत्रावळ पुढं करा.”